तीन हजार आठशे बासष्ट चित्रं

“सर, कपाटातला तो बंद प्रोजेक्टर मी घरी नेऊ का? परत आणीनच असं काही नाही.”

यातलं दुसरं वाक्य मनस्विनीला तिच्या मैत्रिणींनी, सावनी आणि ज्ञानेश्वरीने, पैज लावून म्हणायला लावलं होतं. नववीची परीक्षा संपली होती, मुळ्ये सर प्रयोगशाळेत परीक्षानळ्या पुसत बसले होते, आणि त्या दोघी दाराआड तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या. वर्षभरापूर्वीची मनस्विनी असती तर तिचं पहिलं वाक्यही घशातच अडकलं असतं. पण जानेवारीत विज्ञान प्रदर्शनात तिच्या टाकी भरली की वाजणाऱ्या घंटेला दुसरा नंबर मिळाला होता. तेव्हापासून जगातली कुठलीही वस्तू आपल्याला उघडून परत जोडता येते, अशी तिची खात्रीच होऊन बसली होती.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “मोटर जळलीय त्याची.”

“मला मोटर नकोच आहे, सर.”

“मग काय, लोणचं घालणारेस?” त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर सरकवली. “ने. आणि बाहेरच्या दोघींना सांग, हसायचं तर आत येऊन हसा.”

फिल्मचा जुना प्रोजेक्टर हवा होता तो बाबांसाठी. तिचे बाबा, अनिल, जिल्हा परिषदेत कारकून. वय त्रेचाळीस. ते अकरा महिन्यांचे असताना त्यांची आई विहिरीत पाय घसरून गेली. कमळा तिचं नाव. तिचा एकच फोटो घरात होता, तोही लग्नातला, मान खाली घातलेला; बाबांनी आईचा चेहरा असा कधी पाहिलेलाच नव्हता. आणि यंदा मार्चमध्ये गोळप गावच्या श्रीपतीआजोबांनी, म्हणजे बाबांच्या काकांनी, आवराआवरीत एक पत्र्याची चपटी डबी बाबांच्या हातावर ठेवली. आजोबा तरुणपणी बोटीवर होते, तेव्हा परदेशातून चावीचा एक छोटा सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले होते.

“यात वहिनी आहे,” एवढंच ते म्हणाले. “मी कधी लावून बघितली नाही.”

डबीत फिल्मचं रीळ होतं; उघडली तर व्हिनेगरचा वास आला. फिल्म कुजायला लागल्याची ती खूण, असं सर म्हणाले. आता कॉम्प्युटरवर नाही उतरवली तर पुढच्या पावसाळ्यात हातात चुरा येणार.

मनस्विनीने, घरच्या मनूने, कुवारबावच्या त्यांच्या ब्लॉकमधली मागची खोली ताब्यात घेतली. खाटेखाली आंब्यांची अढी घातलेली होती, त्यामुळे खोलीभर पेंढ्याचा आणि पिकत आलेल्या हापूसचा वास. तिथे दोन आठवडे तिची खटपट चालली. गॅरेजमधून गाडीच्या वायपरची जुनी मोटर आणली, कारण ती सावकाश फिरते. तिला वीज दिली कॉम्प्युटरच्याच डब्यातल्या वायरींमधून. फिल्म भाजू नये म्हणून प्रोजेक्टरचा तापणारा दिवा काढला आणि छोटा बल्ब बसवून त्याच्यापुढे आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण लावलं. समोर वेबकॅम. आणि सगळ्यात नामी युक्ती म्हणजे मोडक्या माउसचं बटण. ते प्रोजेक्टरच्या दांडीखाली असं चिकटवलं, की फिल्मवरचं एक चित्र खिडकीत येऊन थांबलं की दांडी बटण दाबणार, आणि कॉम्प्युटर त्या चित्राचा फोटो घेऊन त्याला नंबर देणार. टक्. सेकंदाला एक चित्र. सगळी चित्रं भराभर पळवली की झाला सिनेमा.

दहा मे, मंगळवार. बाबांनी अर्धी रजा टाकली. आई, मालिनी, प्राथमिक शाळेत शिक्षिका, सुट्टीवरच होती. पडदे ओढले. तासभर टक् टक् चाललं, आणि संध्याकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडा थांबला: ३८६२.

जांभ्या दगडाचं अंगण. उन्हात ताटं मांडलेली, त्यांत आमरसाची साठं वाळत घातलेली. नऊवारीतली एक विशी-बाविशीची बाई कावळ्याला हुसकावते आणि हसते, कॅमेऱ्याकडे बघून, दात दाखवून, जोरात. कडेवरचं बाळ तिच्या मंगळसूत्राशी खेळतंय. मग ती त्याला चटईवर बसवते, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते आणि उजवीकडे चौकटीबाहेर निघून जाते. पुढे नुसतं बाळ. मग काळं.

बाबांनी आपल्या नाकावरून बोट फिरवलं. म्हणाले, “माझं नाक तिचं आहे, नाही?”

“हसणंसुद्धा,” आई म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सावनी बघायला आली. मनूला कडा जरा अंधुक वाटत होत्या, म्हणून तिने वेबकॅम पुढेमागे करून फिल्म पुन्हा लावली. आकडा आला ३८८६.

“काल तू बासष्ट म्हणालीस ना?”

“बटण दोनदा दाबलं जात असेल. एकाच चित्राचे दोन फोटो.”

पण शेवटची चोवीस चित्रं जुळी नव्हती. बाळ होतंच. आणि चौकटीच्या उजव्या कडेला, अगदी खाली, एक पाऊल होतं. लुगड्याचा काठ पायाला चिकटलेला. जांभ्यावर ओला ठसा.

“ही परत येताना दाखवलीय वाटतं,” सावनी म्हणाली.

“काल नव्हती.”

“मने, फेकू नकोस हं.”

मनूने फिल्मचं टोक खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं. बाळ, बाळ, बाळ, आणि मग काळं शेपूट. पाऊल कुठेच नाही. सावनीने भिंग मागून घेतलं, पाहिलं, परत दिलं. “मला दूध आणायचंय,” म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती त्या खोलीत आली नाही.

त्या संध्याकाळी बाबा गॅलरीत बसले होते. “मने, वर कुणी झाडांना पाणी घालतंय का गं? पायांवर थेंब पडले माझ्या.”

वर नुसती रिकामी गच्ची होती. बाबांचे पाय कोरडे होते.

गुरुवारी सकाळी मनूने एकटीने फिल्म चालवली. या वेळी ती पडद्याकडे नाही, प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघत बसली. शेवटी खिडकीतून काळं शेपूट जात होतं, नुसतं काळं. आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याच वेळी एक बाई उन्हातून एक पाऊल पुढे टाकत होती. कंबरेच्या वरचं चौकटीत नव्हतं. लुगड्यातून पाणी ठिबकत होतं.

३९००. चौदा वाढली.

तिने वहीत आकडा लिहिला आणि पेनचं टोपण लावलं.

दुपारी बारा वाजता बाबा ऑफिसातून उठून चालत घरी आले. अनवाणी. चपला टेबलाखालीच राहिल्या होत्या.

“ऊन किती आहे! पाय भाजले असतील,” आई म्हणाली.

“गार होतं गं,” बाबा म्हणाले. “सगळी वाट ओली होती.”

मनूने गोळपला फोन लावला. श्रीपतीआजोबा ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “बघितलंत अखेर. तो सिनेमा ती गेली त्याच दिवशीचा हो, मने. वहिनी म्हणाली, ‘भावजी, ह्याच्याकडे बघा, घागर घेऊन आलेच.’ मी बघत होतो हो. कॅमेऱ्यातनं बघतच होतो. चावी संपली म्हणून खाली मान घालून चावी देत होतो, तेवढ्यात विहिरीकडनं आवाज आला.” फोन ठेवायच्या आधी ते पुन्हा म्हणाले, “‘आलेच’ म्हणाली होती गो.”

आईने ते सगळं ऐकलं आणि कसलीच शंका काढली नाही. “बंद कर ते. आत्ताच्या आत्ता.” तिने प्रोजेक्टर जुन्या साडीत गुंडाळला आणि खोलीला कडी घातली. मनूलाही ते पटलं. यंत्र त्रास देतंय तर बंद करायचं, यात न पटण्यासारखं काय होतं?

चार दिवस खोली बंद राहिली.

पहिल्या दिवशी बाबांनी जेवताना पोळी बाजूला सारली आणि मऊ भात मागितला. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीवर बसेनात, म्हणाले, जमीन बरी वाटते. तिसऱ्या दिवशी आईने ऑफिसला द्यायला आजारपणाची चिठ्ठी लिहून ठेवली. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर पाहिलं, छाती तपासली, उत्तम आहे म्हणाले. बाबा आनंदात होते. इतके आनंदात मनूने त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मध्येच दाराकडे बघत, कान देत आणि स्वतःशी हसत.

“कुणाची वाट बघताय?” तिने विचारलं.

“तू पण बघ की,” ते म्हणाले. “तुझी आजी आहे.”

चौथ्या दिवशी, सोमवारी सकाळी, बाबा पुढच्या खोलीत चटईवर झोपले असताना मनूने कडी काढली. अढीतले आंबे काढायचे राहून गेले होते. खोलीत आंबलेल्या रसाचा आणि व्हिनेगरचा वास कोंडला होता. तिने साडी सोडली, फिल्म चढवली, पडदे ओढले.

तास जाता जात नव्हता. हसणारी बाई. कावळा. चटई. बाळ.

मग आकडा ३९०० च्या पुढे गेला.

टक्. ओली पावलं, चटईपासून चार हातांवर.

टक्. टक्. तीन हातांवर. वेणीचं टोक दिसतंय, त्यातून धार.

टक्. चटईच्या कडेला.

टक्. ती वाकतेय. चेहरा केसांनी झाकलेला.

टक्. बाळाने वर पाहिलं.

टक्. बाळाने दोन्ही हात वर केले.

आकडा थांबला. ३९९६. तिचे हात आणि बाळाचे हात यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर राहिलं होतं.

“मने.” पुढच्या खोलीतून आईचा आवाज आला. अगदी हळू. “इकडे ये गं. आधी इकडे ये.”

बाबा उताणे झोपले होते. डोळे मिटलेले, श्वास संथ. दोन्ही हात सरळ वर, बोटं पसरलेली. हात कापत नव्हते.

“अर्धा तास झाला,” आई म्हणाली. “खाली केले की परत वर जातात.”

मनूच्या डोक्यात आकडे आपोआप मांडले जात होते. चोवीस. चौदा. शहाण्णव. मंगळवार संध्याकाळ ते बुधवार संध्याकाळ, चोवीस तास. बुधवार ते गुरुवार सकाळ, चौदा. आणि साडीत गुंडाळून ठेवलेले चार दिवस.

यंत्र चालल्यामुळे ती येत नव्हती.

यंत्र थांबलं की ती चालायची. तासाला एक चित्र.

मनू धावत आत गेली. ब्लेडने काळं शेपूट कापून टाकलं. एकट्या बाळाचं शेवटचं चित्र आणि हसणाऱ्या बाईचं पहिलं चित्र एकमेकांशेजारी ठेवून चिकटपट्टीने जोडलं. दोऱ्याची रिकामी रिळं खिळ्यांवर अडकवून फिल्मची माळ खोलीभर फिरवली, खिडकीवरून, कपाटावरून, खाटेच्या कठड्यावरून परत प्रोजेक्टरमध्ये. आता फिल्मला शेवट नव्हता. तिने बटण दाबलं.

टक्.

बाळ. बाळ. जोड आली, खिडकीत अडखळली, पुढे सरकली. उन्हातलं अंगण. साठं. ती बाई हसली.

बाहेर काहीतरी चटईवर पडल्यासारखा मऊ आवाज झाला. बाबांचे हात खाली आले होते.

दिवेलागणीला मनू पुढच्या खोलीत आली. आत टक् टक् चालूच होतं. बाबा भिंतीला टेकून बसले होते, आईच्या हातात चहाचा कप तसाच होता.

“माझं ठरलंय,” मनू म्हणाली. विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांसमोर उभी राहिली होती तशीच ती उभी राहिली. “मशीन रात्रंदिवस चालू राहणार. लोडशेडिंगच्या वेळी मी हाताने फिरवीन, हातात बॅटरी घेऊन. शाळा सुरू झाली की दुपारची पाळी आईची. खोलीची किल्ली माझ्याकडे. बाबा, तुम्ही ती मागायची नाही.”

“पोचलीच होती गं,” बाबा म्हणाले. रागावून नाही, समजूत काढावी तसं.

“अगं, पण ती फिल्म टिकणार किती?” आईने विचारलं.

“तुटेल तिथे जोडीन. एका जोडाला एक चित्र जातं. रोज एक जोड धरली, तरी तीन हजार आठशे बासष्टला दहा वर्षं पुरतील. तोवर मी काहीतरी शोधून काढीन.”

“दहा वर्षं?” बाबांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “दहा वर्षं वाकलेलीच राहील ती? पाठ भरून येईल गं तिची.”

“येऊ दे, बाबा,” मनू म्हणाली. “मशीन थांबणार नाही.”