डावी बाजू मोकळी सोडा

परदेशी पाहुण्यांसाठी ओसाकाच्या मदत कक्षाने काढलेल्या पुस्तिकेत बत्तीस सूचना होत्या, आणि बत्तीसच्या बत्तीस तोमिए कुझुहाने स्वतः लिहिल्या होत्या. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका. बक्षिसी ठेवू नका, जेवण वाढणारा मुलगा पैसे परत करायला रस्त्यापर्यंत धावत येईल. कचरापेटी शोधत फिरू नका, कचरा हॉटेलवर न्या. सतरावी सूचना सरकत्या जिन्याची होती: उजवीकडे उभे राहा, डावी बाजू घाईतल्या लोकांसाठी मोकळी सोडा. टोकियोत याच्या नेमकं उलटं. त्या लोकांचं सगळंच उलटं, असं तोमिएचं ठाम मत होतं, फक्त ते तिने छापलं नव्हतं.

नवी आवृत्ती निघायची होती. तिचे वरिष्ठ निबुया-सान चहाचा कप घेऊन टेबलाशी आले.

"सतरावी तेवढी बदला. आता दोन्ही बाजूंना उभं राहायचं, चालायचं नाही. लोक पडतात हो. खालच्या जिन्यापाशी सोमवारीच पाटी लागलीय."

"ओसाकाची माणसं आणि जिन्यावर गप्प उभी राहणार? काहीतरीच तुमचं!"

"आपली नाही राहणार. पाहुणे तरी राहू देत. उद्या दुपारपर्यंत द्या."

तोमिएने हो म्हटलं, पण पेन काही हलेना. खालचा जिना म्हणजे भुयारी रेल्वेतून वर येणारा, लांबलचक. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा सादायोशी सकाळी आठ बाराला त्याच जिन्यावर डाव्या बाजूने धावत चढला आणि वरून तिसऱ्या पायरीवर कोसळला. पुन्हा उठला नाही. एरवी तो दहा मिनिटं हाताशी ठेवून निघायचा. त्या दिवशी बुटांच्या नाड्या बांधून दारात उभा असताना तिनेच हाक मारली होती, "अहो, आभाळ आलंय, छत्री न्या." बूट घालून घरात पाऊल टाकणारा तो माणूस नव्हता. खाली बसून नाड्या सोडल्या, बूट काढले, आत येऊन छत्री घेतली, पुन्हा बसून नाड्या बांधल्या. छत्री दारापर्यंत नेऊन देणं तिला काही जड नव्हतं, पण तव्यावर अंडं होतं आणि तिला कंटाळा आला. दिवसभर पाऊस पडला नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याची माफी मागायची मात्र राहून गेली होती, आणि ती मागता येत नाही म्हणून तिचा जीव रोज थोडा थोडा कुरतडला जात होता.

नवी पाटी लागली त्याच आठवड्यात एक डॅनिश गृहस्थ लंगडत कक्षात आला होता. जिन्यावर डावीकडे उभा असताना मागून कुणीतरी पोटरीत टोचलं म्हणाला. मागे तर कुणीच नव्हतं. तोमिएने मलम दिलं आणि विषय सोडून दिला.

निबुया-सान सूचना बदलायला सांगून गेले त्याच दुपारी चिलीहून आलेली एलिआना नावाची बाई आली. आपल्या नवऱ्याला दाराशी उभं करून हळू आवाजात म्हणाली, "सकाळी पाटीवर लिहिलंय तशी मी डावीकडे उभी राहिले. मागून कुणीतरी एकच वाक्य सारखं म्हणत होतं. त्याचा अर्थ सांगाल?"

तिने ते वाक्य जमेल तसं म्हणून दाखवलं.

"‘जरा जाऊ द्या’ असा अर्थ आहे," तोमिए म्हणाली. "घाईतली माणसं म्हणतात."

"आणि त्याआधी दोनदा खाकरायचं, ही पण इथली रीत आहे का?" एलिआना दोनदा खाकरली. एक आखूड, एक लांब.

तोमिएच्या हातातला नकाशा चुरगळला.

"नाही," ती म्हणाली. "ती एकाच माणसाची सवय होती."

दुसऱ्या दिवशी आठ दहाला तोमिए त्या जिन्याच्या तळाशी आली. बाहेर लख्ख ऊन होतं. पाटीकडे ढुंकूनही न बघता सगळी ओसाका उजवीकडे ओळीने उभी होती. डावी बाजू वरपर्यंत रिकामी होती. ती डावीकडे चढली, कठडा घट्ट धरला आणि वाट अडवून उभी राहिली.

अर्धा जिना सरला तरी काही झालं नाही. शेजारचा माणूस तिच्याकडे रागाने पाहत होता. आपण वेड्यासारखं काय करतोय, असं तिच्या मनात आलं.

मागून पावलांचा आवाज आला. नाड्यांचे, कडक तळव्यांचे बूट.

पावलं तिच्या पाठीशी थांबली. कुणीतरी खाकरलं. एक आखूड, एक लांब.

"जरा जाऊ द्या."

तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं तर कुणी नसेल, हे तिला ठाऊक होतं.

"अहो," ती म्हणाली, "मी तोमिए. माझं चुकलं हो. त्या दिवशी मी आणून द्यायला हवी होती."

मग तिच्या पोटरीत टोक रुतलं. बारीक, लोखंडी. छत्रीचं.

"जरा जाऊ द्या ना, बाई," तो अनोळखी माणसाशी बोलावं तसा अदबीने म्हणाला. "मला उशीर झालाय."

तिने कठडा सोडला आणि उजवीकडच्या ओळीत सरकली.

बाहीला वारा लागला. बूट भराभर वर गेले.

वरून तिसऱ्या पायरीवर आवाज थांबला.

तोमिए तोंडावर हात ठेवून उभी राहिली. जिना तिला वर घेऊन चालला होता. तिसरी पायरी आली आणि गेली, तिथे काही नव्हतं.

मग खाली, अगदी तळाशी, कुणीतरी दोनदा खाकरलं.

दुपारी तिने निबुया-सान यांच्यापुढे पानं ठेवली. सतरावी सूचना होती तशीच होती, फक्त शेवटी चार शब्द वाढले होते: कुणी दिसत नसले तरी. ते आता ओरडणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

निबुया-सान यांनी ती ओळ दोनदा वाचली. तिच्याकडे न बघता सही केली. मग खुर्चीतच वाकले आणि बराच वेळ डावी पोटरी चोळत राहिले.