पाणी जातं कुठे?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेलं आहे. मामा चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतायत. थापा मारणं त्यांच्या स्वभावात नाही.

उन्हाळ्यातला मंगळवार. भर दुपार.

एक शिक्षिका तिची बावीस वर्षं जुनी गाडी घेऊन गॅरेजवर आली. दहा मिनिटं चालवली की तापमानाचा काटा लाल रेषेवर जातो, म्हणाली. तीन मेकॅनिकनी हात टेकले होते.

मामांनी झाकण काढलं. रेडिएटर कोरडा ठणठणीत.

"सकाळीच भरलं होतं," ती म्हणाली.

म्हणजे कुठेतरी गळतंय. मामांना त्यात नवल वाटलं नाही. तिला संध्याकाळी यायला सांगून ते कामाला लागले.

पाइप पाहिले. वॉटर पंप पाहिला. हवेचा दाब देऊन पाहिला, पण कुठेच गळती नाही. मग हेड गॅस्केट गेलं असणार, पाणी इंजिनात उतरत असणार...

पण ऑइल स्वच्छ. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही.

शेवटी त्यांनी रेडिएटर काठोकाठ भरला, गाडीखाली कोरडे पुठ्ठे अंथरले आणि इंजिन बंद ठेवून शेजारी स्टूल टाकून बसले.

पंधरा मिनिटं काहीच नाही.

मग आवाज आला...

घुटुक.

जरा थांबून पुन्हा... घुटुक.

मामांनी बॉनेटखाली कान नेला. आवाज तिथून नव्हता.

तो मागच्या सीटवरून येत होता.

सीट रिकामी. काचा बंद. पण डाव्या काचेवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, आतून वाफ धरली होती. ती आटायची... परत धरायची.

पुठ्ठे कोरडेच होते. रेडिएटर रिकामा.

संध्याकाळी ती आली. मामांनी एवढंच विचारलं, "मागं कोण बसायचं?"

 तिने सांगितलं. वडील बसायचे. अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेली. चार वर्षांपूर्वी अशाच उन्हात, दहा मिनिटांत येते म्हणून ती त्यांना गाडीत ठेवून, काचा लावून औषधाच्या रांगेत उभी राहिली. नंबर लागायला दोन तास गेले.

"मी उतरताना ते पाण्याच्या बाटलीकडे बघत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, आल्यावर पाजू."

मामांनी गाडी विकून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, दोनदा विकली होती. दोन्ही वेळा घेणाऱ्यांनी दारात आणून सोडली.

तिने स्वतःच्या हाताने पाणी भरलं आणि गेली.

मागच्या वर्षी ती वारली. तिच्या भावाने गाडी गॅरेजमागे आणून लावली, ती लावलीच. मामा रोज सकाळी गाडीत पाणी भरतात. एक दिवस भरायचं राहिलं होतं. त्या दिवशी काय झालं ते मामीलाही सांगत नाहीत.

परवा मी गेलो, तर ते दुसरी बादली भरत होते. मी विचारलं, एक पुरत नाही का?

मामांनी वर पाहिलं नाही.

"ती गेल्यापासून," ते म्हणाले, "दुप्पट लागतंय."