नुसते ओठ

दिवा हवा तर मोठा करा, पण ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारी, भरल्या शाळेत घडलेली आहे. आणि खरं सांगू? आठवलं की मला भीतीपेक्षा संतापच जास्त येतो.

गाण्याच्या बाई हॉलमध्ये गेल्या त्या लाकडी पायऱ्या मांडून तालीम घ्यायला. सुट्टीआधीचा गाण्यांचा कार्यक्रम उद्यावर आला होता. मुलं पायऱ्यांवर उभी राहिली, तालीम सुरू झाली. तिसऱ्या पायरीवर डाव्या टोकाला होती भोंगा. सगळी तिला भोंगाच म्हणायची. आवाज घोगरा, सुराच्या जरा खालीच लागायचा, पण पोरगी गायची मात्र जीव तोडून. तिचे बाबा ट्रकवर; महिना महिना घरी नसत. यंदा खास तिचं गाणं ऐकायला येणार होते.

तेवढ्यात मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आल्या. दोन बोटांच्या चिमटीत त्यांनी भोंगाची हनुवटी धरली.

"तू गायचं नाही हं. नुसते ओठ हलवायचे."

गाण्याच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, तिचे बाबा ऐकायला येतायत!"

"रांगेत दिसेल की त्यांना. पाहुण्यांपुढे मला शोभा नकोय. आणि तुम्ही नवीन आहात, जरा बेतानं घ्या."

मुलं गेली. पडदे ओढलेल्या अंधाऱ्या हॉलमध्ये कुबट वास भरून राहिला होता. बाईंनी रागारागाने पेटी ओढली आणि चाल वाजवायला घेतली. तेव्हा डाव्या कोपऱ्यातून कुणीतरी गुणगुणलं. घोगरं नव्हतं. बारीक, पण सुराच्या खालीच.

"कोण आहे गं? घरी जा."

कोपऱ्यात कुणी नव्हतं. तिसरी पायरी तेवढी करकरली.

"ऐकलंत ना…" दारातून शिपाईकाका हळूच म्हणाले. "पूर्वी मोठ्या बाईच गाणं शिकवायच्या. तिथं एक पोर उभी असायची. तिलाही हेच सांगितलं… नुसते ओठ. त्या दिवसापासून ती घरीसुद्धा बोलेना. मग सुट्टीत ताप चढला. आई शेजारच्याच खोलीत होती हो… पण हाक नाही मारली पोरीनं. सकाळी बघितलं, तर ओठ हलत होते म्हणे… आणि मग तेही थांबले."

"आणि तरी ही बाई पुन्हा तेच करते?" बाईंनी पेटी धाडकन बंद केली. "अहो, काळीज आहे की धोंडा!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी भोंगाला जवळ घेतलं. "मोकळ्या गळ्यानं गा. बघते मी कोण काय म्हणतं ते." पण पडदा उघडण्याआधी मोठ्या बाई पुन्हा तिच्यापाशी जाऊन आल्या. बाईंना कळलं ते गाणं सुरू झाल्यावर. भोंगाचे ओठ हलत होते, डोळे भरले होते, आवाज नव्हता. समोर तिचे बाबा कान देऊन बसले होते.

आणि मग तो बारीक आवाज उठला. तिच्या शेजारून. त्या टोकाला तर पायरीच संपत होती. आवाज वाढत गेला, तशी बाकीची मुलं एकेक करून गप्प झाली.

मोठ्या बाई तणतणत माइकपाशी गेल्या. तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलवले… नाही. शिपाईकाकांनी माइकवर टिचकी मारली, ती हॉलभर वाजली. माइक ठणठणीत होता.

"गा गं बाळा!" बाई ओरडल्या.

आणि भोंगा गायली. घोगरी, बेसूर, छप्पर उडेल अशी. तिचे बाबा उभे राहून रडत होते. बारीक आवाज तिच्याबरोबर शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

नंतर बाईंनी विचारलं, "घाबरलीस का गं?"

"नाही बाई. तिनं माझा हात धरला होता ना."

मोठ्या बाई अजून माइकपाशीच उभ्या होत्या. ओठ हलतच होते. मिटायचा प्रयत्न केला तरी मिटत नव्हते. बाई त्यांना धरायला पुढे झाल्या आणि जागीच थबकल्या. मोठ्या बाईंच्या हनुवटीवर, दोन्ही बाजूंना, इवल्याशा दोन बोटांचे खड्डे पडले होते. ते अजून खोल जात होते.