लाल दिवा विझेना

सयाजी फौजदार मोशीला पोहोचले तेव्हा डॉक्टरीणबाईंची गाडी चढावर तिरकी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर बिरू बाभळीला बांधलेला होता. कपाळातून आलेलं रक्त सुकून गेलं होतं. भोवती वीस-पंचवीस माणसं होती. मारून मारून दमली होती.

समोर दगडावर कुरुळीचा मालोजी बसला होता. दुपारीच त्याची मुलगी इंद्रायणी बाळंतपणात गेली. पहिलटकरीण, माहेरी आलेली. मूलही गेलं.

"ह्यानं मारली," मालोजी म्हणाला. आवाजात रागसुद्धा नव्हता. "बाईला घिऊन निघाला आन मुद्दाम हितं गाडी बंद पाडली. बाई बैलगाडीनं आली, तवर सगळं झालं हुतं."

"मुद्दाम कशावरून?"

"काल ह्यानं माज्या पाटावरनं गाडी घातली. मी शिव्या दिल्या. त्याचा डूख धरला."

सयाजींनी बिरूचा दोर सोडला. "खरं का रे?"

"पाटावरनं गेलो, व्हय. कोरडा ठणठणीत हुता. मला वाटलं गाडीवाटच हाय. शिव्या खाल्ल्या आन गप बसलो."

"आज गाडी का थांबली?"

"पानी उकाळलं, इंजान बंद पडलं. लाल दिवा तर निगाल्यापास्नंच पेटल्याला हुता, सायेब."

मालोजी उठला. "पोरीला न्यायचंय," एवढंच म्हणाला आणि कुरुळीच्या वाटेला लागला. माणसंही त्याच्या मागोमाग गेली. सरण रचायचं होतं.

सयाजींना वाईट वाटायला हवं होतं. पण काहीच वाटेना. सोळा वर्षांच्या नोकरीत ते आतून पार बधिर झाले होते, आणि हे त्यांना माहीत होतं.

चिंचवडहून दादू मिस्त्री सायकल हाणत आला. लढाईआधीची ती विलायती गाडी एवढी वर्षं त्यानेच जगवली होती. तो आत बसला, चावी फिरवली. समोरच्या पाटीवर वाटाण्याएवढा लाल दिवा पेटला.

"हा चावीबरोबर पेटणारच," दादू म्हणाला. "इंजिन चालू झालं, डायनामो फिरायला लागला, की विझतो. नाही विझला, तर डायनामो वीज करत नाही असं समजायचं."

त्याने बॉनेट उघडलं आणि आत वाकून पाहिलं.

"पट्टाच नाही, साहेब."

"त्यानं काय होतं?"

"एकच पट्टा असतो. तोच डायनामो फिरवतो, तोच पंखा. पट्टा गेला की वीज बंद आणि वाराही बंद. मग पाणी उकळणारच."

"मला वाटलं तुटून पडला आसंल," बिरू पुटपुटला.

दादूने मान हलवली. "इकडं बघा. हा डायनामो आत, इंजिनाकडं ढकललाय. बोल्ट ढिला आहे. पट्टा काढायचा तर असंच करावं लागतं. तुटणारा पट्टा पाना घेऊन बोल्ट सैल करत नाही, राव."

"म्हणजे कुणी काढून नेला?"

"सरळ दिसतंय. दिवाळीत मीच नवा घातला होता. तेव्हा माझे हात पिवळ्या रंगाने बरबटलेले होते. आतल्या अंगाला बोटं उमटलीत. कुठं दिसला तर ओळखीन."

संध्याकाळी चौकीत मालोजीची फिर्याद टेबलावर होती. उद्या दुपारी बिरूला कोर्टात उभं करायचं होतं, खुनाच्या आरोपाखाली. वरचे साहेब म्हणाले होते, वेगळं काही म्हणायचं असेल तर बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. चोर सोडून संन्याशाला सुळी होते ती बहुतेक अशीच, कागद वेळेवर पोचवायच्या घाईत.

डॉक्टर कुसुमताई बाकावर बसल्या होत्या. लुगड्यावरचे डाग त्यांनी धुतले नव्हते.

"बाई, हा दिवा पहिल्यांदा कधी दिसला?"

"काल. इंद्रायणीला तपासून कुरुळीहून निघालो तेव्हा. मीच बिरूला विचारलं. तो म्हणाला, डायनामो जुना झालाय, उद्या दादूला दाखवतो."

"काल गाडी उकळली नाही?"

"पौषातली गार संध्याकाळ होती. आणि उतारावर बिरू इंजिन बंद करतो. पेट्रोल वाचतं."

कोपऱ्यातून बिरू म्हणाला, "सकाळी रेडिएटरचं झाकान भायेरनंच काढून पानी घातलं. बॉनेट उघाडलं न्हाई. बाईला जायाची घाई हुती. माजी चूक तेवढी."

"कुरुळीत गाडी कुठं उभी होती?"

"मळ्यात, विहिरीपाशी," कुसुमताई म्हणाल्या. "तासभर तरी असेल. बिरूला पुतळाबाईंनी ओसरीवर भाकरी वाढली. मला आतून तो दिसत होता."

"घरात आणखी कोण होतं?"

"इंद्रायणी आणि तिची आई. बस्स."

"पोरीचे दिवस भरले होते?"

"अजून तीन आठवडे होते. काल सगळं ठीक होतं."

"आज तुम्ही वेळेवर पोचला असता तर?"

त्यांनी हातांकडे पाहिलं. "वाचली असती. मूलही, बहुधा."

सयाजींनी ते लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादूला घेऊन ते कुरुळीला गेले. मळ्यात शिरताना पाट ओलांडायचा होता. सयाजींचा बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला. पलीकडे शेजाऱ्याच्या वाफ्यांना भेगा पडल्या होत्या. मालोजीचा कांदा तेवढा हिरवागार उभा होता.

पुतळाबाई भिंतीला टेकून बसली होती. मालोजी ओसरीच्या पायरीवर होता. सयाजी ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "कांदा चांगला आलाय."

"पाच दिस हिरीवरचं इंजान बंद हुतं," पुतळाबाई म्हणाली. कुणाशी बोलतेय हे तिलाही ठाऊक नसावं. "वाफं वाळाया लागलं हुतं. परवा सांच्याला पानी सुटलं. पोरीनं आवाज आयकला. म्हनली, आता आबा पोटभर जेवत्याल."

सयाजी उठले आणि विहिरीवरच्या छपरात गेले. लढाईनंतर लिलावात निघालेलं छोटं इंजिन तिथे होतं, पट्ट्यावर पंप फिरवणारं. दादूने वाकून पट्टा उलटा केला. आतल्या अंगाला चार पिवळी बोटं होती.

ओसरीवर परत येऊन सयाजी मालोजीसमोर उभे राहिले.

"मालोजी, गाडीतला पट्टा पान्याने काढला होता. दिवा परवा इथून निघताना पेटला, म्हणजे पट्टा इथेच निघाला. बिरू त्या वेळी ओसरीवर जेवत होता. आणि तीन आठवड्यांवरचं बाळंतपण दुसऱ्या दिवशीच येईल हे त्यालाच काय, डॉक्टरलाही माहीत नव्हतं. मग बाईची गाडी अडवायला कुणी पट्टा काढेल कसा? ज्याला पट्टा हवा होता, त्यानेच नेला. परवा दुपारी बिरूची गाडी गेली तेव्हा तुझा पाट कोरडा होता. संध्याकाळी त्याला पाणी सुटलं. गाडी इथे उभी होती त्या तासाभरात तू घरात नव्हतास."

मालोजीने विहिरीवरच्या छपराकडे पाहिलं.

"माजा पट्टा तुटला हुता," तो म्हणाला. "नवा पुन्यास्नं यायचा हुता. गाडीचा मापात बसला. बाईस्नी मागायला लाज वाटली. नवा आला की ह्यो परत बशिवनार हुतो."

"दिवा पेटेल हे ठाऊक नव्हतं?"

"पट्ट्यानं पंखा फिरतुया यवढं कळत हुतं. म्हनलं, थंडीचं दिस हाईत. थंडीत पंखा कशाला लागतूय?" मग त्याने मान वर केली. "गाडी त्यानंच बंद पडली?"

"त्यानंच."

दादू अंगणाच्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"बिरूला सोडा," मालोजी म्हणाला.

"आज सोडतो. त्याला मारलंत, त्याची फिर्याद त्याने केली, तर ती घ्यावी लागेल."

"करू दे. माज्यावर काय लिवनार?"

"चोरी. पट्ट्याची."

"आन पोरीचं?"

सयाजींनी वही उघडली होती, ती मिटली. "त्याला कलम नाही, मालोजी."

मालोजी तसाच बघत राहिला. त्याला ते पटलेलं दिसेना. काहीतरी कलम असायला हवं होतं, आणि या वेळी सयाजींनाही तसंच वाटलं. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटलं, आणि ते त्यांना सोसेना.

भिंतीपाशी पुतळाबाई उठून उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पट्ट्यासाठी तर पट्ट्यासाठी," ती म्हणाली. "पर ह्यास्नी हितनं न्या."

मालोजीने तिच्याकडे पाहिलं नाही. तो पायरीवरून उतरला आणि वहाणा घालायला लागला.