करविता कोण?

नाशिकच्या न्यायालयात त्या दिवशी खटला श्रीखंडाचा होता, पण डॉ. हेमांगी उपासनी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या त्या आपल्या यंत्रासाठी. उमेदीची सगळी वर्षं प्रयोगशाळेत घालवून त्यांनी बनवलेला ठसावाचक आज पहिल्यांदाच साक्ष देणार होता. तो खरा ठरला तर देशभरच्या न्यायालयांत बसणार होता, आणि खोटा ठरला तर माळ्यावर जाणार होता.

घडलं होतं ते असं. विमलाक्का ढिकल्यांच्या उडत्या टेम्पोचा चालक निळकंठ गांगुर्डे श्रीखंडाचं पिंप घेऊन एका मंगल कार्यालयाकडे निघाला होता. वाटेत गंगापूर रोडवर त्याने टेम्पोसकट हवेत एक देखणी कोलांटी मारली. पिंपाचं झाकण निघालं आणि श्रीखंड खालून चाललेल्या वरातीवर उतरलं. नवरदेव नखशिखांत केशरी झाला. घोडी त्याला चाटण्यात अशी रंगली की काही केल्या पाऊल पुढे टाकीना, आणि मुहूर्त टळला.

"नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीला मालक जबाबदार, हा आपला जुना नियम," न्यायाधीश मुजुमदार म्हणाले. "त्या नियमाने आक्कांचा परवाना जातो. पण नवा करविता कायदा म्हणतो, हात कोणाचाही असो, जबाबदारी करवून घेणाऱ्याची."

"साहेब, उशीर करू नको एवढंच मी त्याला सांगितलं होतं," विमलाक्का म्हणाल्या. "कोलांटी मार असं कशाला सांगीन? आत श्रीखंड होतं." नवरा गेल्यावर त्यांनी हा धंदा एकटीने उभा केला होता. परवाना गेला तर सगळे टेम्पो जमिनीवर येणार होते, या धास्तीने त्यांना धड जेवण गेलं नव्हतं.

"डॉक्टर, तुमचं यंत्र काय करतं, सोप्या भाषेत सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"आपण कोणाचं बोलणं मनावर घेतलं की त्या आवाजाचा ठसा मेंदूत उमटतो," हेमांगीबाईंनी सुरुवात केली. "पुढे काही करायचं ठरवताना, ज्याच्या बोलण्याच्या बळावर ठरवतो तो ठसा जागा होतो. ती वेळ माणसाला आठवायला लावली की यंत्र ते ठसे वाचतं आणि पुन्हा आवाजात ऐकवतं. सगळ्यांत ठळक आवाज ज्याचा, तो करविता. कायद्यात तसंच लिहिलंय."

"कायद्याचा मसुदाही तुमचाच ना?"

"हो," हेमांगीबाई म्हणाल्या आणि विनयाने खाली बघू लागल्या. तो विनय त्यांनी घरी आरशासमोर दोनदा करून पाहिला होता.

निळकंठच्या डोक्यावर यंत्राचा टोप चढवला गेला. डोळे मिटून त्याने ती कोलांटी आठवली. यंत्रातून आधी एक पुसट आवाज आला, "निळ्या, उशीर केलास तर बघ." आक्काच त्या. मागे कोणीतरी हसलं. मग दुसरा आवाज आला, खणखणीत. "माणसाचं कुठलंही कृत्य त्याच्या एकट्याचं नसतं. त्याला बोल लावण्याआधी त्याचा करविता शोधा."

कोण ही बाई, किती ठासून बोलते, असं हेमांगीबाईंच्या मनात आलं. मग त्यांना दिसलं की सगळं न्यायालय आपल्याकडे बघतंय. आपलाच आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो, हे त्या विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत असत.

"बाई, तुम्हीच आहात ह्या," विमलाक्का हळूच म्हणाल्या.

निळकंठने खुलासा केला. "टेम्पोत रेडिओवर बाईंचं भाषण लागलं होतं साहेब. कोलांटीची हौस मला पहिल्यापासून, पण काही झालं तर आपल्या अंगाशी येईल म्हणून गप बसायचो. बाईंचं ऐकलं आणि म्हटलं, आता आपल्या अंगाशी कशाला येतंय?"

"मी कोलांटी मार असं म्हटलं नव्हतं," हेमांगीबाई म्हणाल्या.

"यंत्र बरोबर असेल तर करविता तुम्ही," न्यायाधीश म्हणाले. "चुकत असेल तर तसं सांगा. ते बाजूला ठेवू आणि जुन्या नियमाने आक्कांचा परवाना रद्द करू."

चुकतंय म्हणणं किती सोपं होतं. पण यंत्र चुकत नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. हेमांगीबाईंना मनापासून लाज वाटली.

"यंत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी बोलले, त्याने ऐकलं. दोष माझा."

निळकंठ टोपासकट उठून उभा राहिला. "नाही साहेब. बाई काही टेम्पोत नव्हत्या. कोलांटी मी मारली, माझ्या नावावर लिहा."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. हा पोरगा स्वतःच्या डोक्याने बोलला, असं काहीतरी ते लिहून घेणार होते. पण टोप अजून चालू होता, आणि यंत्रातून तोच खणखणीत आवाज आला, "मी बोलले, त्याने ऐकलं. दोष माझा."

"म्हणजे या कबुलीच्याही करवित्या तुम्हीच," न्यायाधीश म्हणाले. "चांगल्या कामाच्या करवित्याचं काय करायचं, ते तुमच्या कायद्यात नाही."

"सुचलं नव्हतं," हेमांगीबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना.

यंत्र ग्राह्य धरलं गेलं. आक्कांचा परवाना राहिला. नवरदेवाच्या घरच्यांना श्रीखंडाचं जेवण घालायचं आणि घोडीला स्वच्छ धुवायचं, अशी शिक्षा करवित्याला झाली. निळकंठ बादली घेऊन आपणहून बरोबर निघाला.

बाहेर पायरीवर विमलाक्कांनी हेमांगीबाईंना गाठलं. "बाई, असं बोलता येत होतं तर रेडिओवर हेच बोलायचं होतं. माझं श्रीखंड वाचलं असतं."