चिखलाला लोण्याचा वास

"दादा, हा चिखल चार हजार वर्षांचा ना? मग याला लोण्याचा वास कसा येतोय?"

"सुट्टीत नाकही बिघडलं वाटतं तुझं!" दादा हसला. पण चिमणीचं नाक म्हणजे नाक होतं!

दोघं सुट्टीला आत्याकडे आली होती आणि तिच्या प्रयोगशाळेतच रमली होती. आत्या तळ्याच्या तळाचा गाळ लांब नळीतून काढायची. तो उभा चिरून अर्धा तपासायचा, अर्धा थंड खोलीत जपायचा. दरवर्षी गळालेल्या पानांचा त्यात एकेक पातळ पट्टा. ते पट्टे बघता बघता चिमणीला वाटे, आपण हळूहळू पाण्यात उतरतोय, वरून पानं येताहेत, आणि कुणालाच कसली घाई नाही.

आज मात्र आत्याचा चेहरा उतरला होता. "जुन्या गाळात ताजी चरबी सापडतेय. आमचे साहेब म्हणतात, तुम्ही तळ्यावरच घोळ घातलात. संध्याकाळपर्यंत दोन्ही भाग फेकून द्या! चार वर्षं राबले गं मी."

चिमणीने गाळ पुन्हा हुंगला. "आत्या, तू गाळ वाळवतेस कुठे?"

"त्या गरम कपाटात. हातमोज्यांशिवाय कुणी हातही लावत नाही. बोटाचं तेलसुद्धा चालत नाही."

चिमणीने दादाला डोळा मारला. दोघांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यात कोरा कागद ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलाखाली दडी मारली.

दार वाजलं. शीळ घालत साहेब आले! त्यांनी वरच्या कप्प्यात लोणी थापलेला पाव ठेवला. जरा वेळाने, "वा, काय खरपूस!"

"साहेब, हातमोजे कुठे?" दादा टुणकन बाहेर आला.

साहेबांचा घास घशातच अडकला. चिमणीने कपाटातला कागद काढून खिडकीशी धरला. तेलकट डागातून ऊन आरपार दिसत होतं.

आत्याने थंड खोलीतल्या भागाचा तुकडा दुसरीकडे वाळवला. संध्याकाळी निकाल आला. चरबीचा मागमूस नाही!

"कान पकडतो बाबा," साहेब ओशाळून म्हणाले. "आमच्या एवढ्या पदव्या, आणि भारी पडलं या पोरीचं नाक! शाब्बास!"

आत्याने चिमट्याने गाळातून एक इवलंसं पान उचललं. "हे गळालं त्याला चार हजार वर्षं झाली. त्यानंतर याला पहिल्यांदा तूच बघतेयस, चिमणे."

चिमणीने श्वास रोखून धरला. आपला श्वाससुद्धा त्याला लागायला नको होता.