चष्म्याची उजवी काडी

फोन आला तेव्हा कार्यालयात जेवणाची सुट्टी होती. त्या वेळेत फोन उचलायचा नाही, हा तिथला एकच नियम सगळे मनापासून पाळत. तपासनीस बाईंनी तो उचलला, कारण त्या दिवशी त्या डबा घरी विसरल्या होत्या आणि दुसऱ्यांचे डबे बघत बसणं जिवावर आलं होतं.

“वैद्यकीय प्रवेशाची पडताळणी तुमच्याकडेच ना?” आवाज दबका होता, तोंडावर फडकं धरल्यासारखा. पुरुषाचा की बाईचा, सांगता येत नव्हतं.

“हो. बोला.”

“राज्याच्या यादीत अगदी शेवटची जी मुलगी आहे ना, ती त्या पत्त्यावर राहत नाही. राज्यातच राहत नाही.”

“आपण कोण बोलताय?”

“जाऊन बघा म्हणजे कळेल.”

फोन ठेवला गेला. बाईंच्या कानात मागची घरघर तेवढी राहिली. पंख्यापेक्षा जड, एकाच सुरातली, शेवटपर्यंत कुठेही न अडखळलेली.

निनावी तक्रारीला केराची टोपली दाखवावी, असं बाईंचं मत होतं. पण बाईंच्या मताला कार्यालयात कोण विचारतो? तक्रार आली की घरी जायचं. घरच्या प्रमुखाने सही करून सांगायचं की मूल इथेच राहतं. नाही सांगितलं तर मूल बाहेरचं. आणि बाहेरचं ठरणं म्हणजे काय, ते बाई दरवर्षी बघत होत्या. बहुतेक जागा राज्यात राहणाऱ्यांच्या. बाहेरच्यांसाठी ओंजळभर, आणि त्यावर देशभरातून झुंबड. मार्क तेच, पण इथली असेल तर डॉक्टर आणि बाहेरची असेल तर घरी.

यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद होणार होती.

निरोप मिळाल्यावर मुलगी त्या दिवशी सकाळीच आली, थेट बसमधून उतरून, खांद्यावर प्रवासाची पिशवी. महिनाभर आईकडे होती म्हणाली. आईचं ऑपरेशन झालं होतं.

“आई कुठे असते?” बाईंनी विचारलं.

“दुसऱ्या राज्यात. नर्स आहे. बाबा गेले आणि तिला रात्रपाळ्या लागल्या, म्हणून तिने मला मावशीकडे ठेवलं. सहावीत होते मी.”

“शाळा मात्र पुलापलीकडची दिसते. ते तर तिसरंच राज्य.”

“मावशीच्या घरापासून तीच जवळ. चालत जायचे.”

“बँक, ओळखपत्र, शाळेची नोंद?”

“सगळं आईच्या पत्त्यावर.”

“शेजारी कुणी सांगतील?”

“गल्लीत नुसती दुकानं आणि कारखाने आहेत. संध्याकाळी कुलपं लावून सगळे घरी जातात. फोटो आहेत माझ्याकडे, घरातले.”

“फोटो सुट्टीतही निघतात, बाळ.”

मुलीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “आईकडे आई आहे, पण मी तिथे राहिले नाही. पलीकडे शाळा होती, पण घर नव्हतं. राहिले ती इथे. मग मी अर्ज करायचा तरी कुठे?”

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले. चष्मा डुगडुगला. त्याची उजवी काडी टेबलाला टेकतच नव्हती.

“मोडलाय का?”

“नाही. माझा उजवा कान जरा वर आहे. काडी वाकवून घेतली नाही तर चष्मा तिरका बसतो.”

बाईंनी तिला कार्यालयातच थांबायला सांगितलं आणि त्या निघाल्या.

गल्ली खरंच दुकानांची होती. खाली चष्म्याचं दुकान, वर दोन खोल्या, दोन्हींच्या मधे उघडा लाकडी जिना. चष्मेवाले, म्हणजे मावशीचे यजमान, यंत्रावर काच घासत होते. पायाखालचं बटण दाबलं की चाक फिरायचं, पाय उचलला की थांबायचं. ओल्या चाकावर काच करकरत होती. बाईंना बघून त्यांनी काच उचलून उजेडात धरली. पाय बटणावर तसाच होता. करकर थांबली, चाकाची घरघर चालू राहिली. बाई पायरीवरच थबकल्या, मग काही न बोलता आत आल्या.

वर मावशीने दार उघडलं. बाईंनी तक्रारीवरून आल्याचं सांगितलं. मागे तिची मुलगी उभी होती, हातात पुस्तक, चेहरा पांढराफटक.

“तुमची भाची इथे राहते?”

मावशीने आधी आपल्या मुलीकडे पाहिलं. “सुट्टीत येते. येऊन जाऊन असते.”

“बाकी वेळ?”

“आईकडे. ही आमची एकुलती एक. धाकटे, मॅडमना पाणी आण.”

आतल्या खोलीत एक पलंग होता, एक खुर्ची आणि भिंतीला टेकवलेलं एक टेबल. दिवा मात्र टेबलाच्या बरोबर मधोमध. बाईंनी टेबल जरा पुढे ओढलं. अलीकडच्या कडेचं पॉलिश कोपरांनी घासून गेलं होतं. भिंतीकडच्या कडेचंही तसंच गेलं होतं.

“जुनं घेतलेलं आहे,” मावशी लगेच म्हणाली.

“खालचा फोन कोण वापरतं?”

“सगळेच. हे सोडून. यंत्र चालू असलं की ह्यांना बोलता येत नाही, आणि यंत्र दिवसभर चालूच. घरघर थांबली की मला वर कळतं, गिऱ्हाईक आलं.”

“काल दुपारी थांबली होती?”

“काल? छे. जेवून जे बसले ते चहापर्यंत उठले नाहीत.”

धाकटीने पाणी आणलं. थोडं बाईंच्या चपलेवर सांडलं.

खाली बाईंनी चष्मेवाल्यांना तोच प्रश्न विचारला. “घरचे प्रमुख तुम्ही. भाची इथे राहते का?”

“ती वर म्हणाली तेच.” त्यांनी मान वर केली नाही. एका फ्रेमचा स्क्रू पडला होता. त्यांनी पत्र्याचा डबा ओढला आणि त्यात चाचपू लागले. डब्यात जुने चष्मे होते.

“हे कुणाचे?”

“गिऱ्हाइकं टाकून जातात. सुटे भाग कामाला येतात.”

बाईंनी काही चष्मे उचलून काचेच्या काउंटरवर मांडले. एक शाळकरी मुलीचा, गुलाबी. मग जरा मोठा. मग त्याहून मोठा, भिंगही जाड. एकाची नाकावरची दांडी डाग देऊन जोडलेली, दुसऱ्याच्या नाकाच्या गाद्या बदललेल्या. एकही धड बसेना. प्रत्येक चष्मा डुगडुगला.

“बरेच दिवस जपलेत,” बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी सगळे गोळा करून डब्यात टाकले. झाकण लागायला वेळ लागला.

कार्यालयात परतल्यावर बाईंनी कारकुनाला एवढंच विचारलं, “ही मुलगी बाहेरची ठरली तर जागा कुणाला जाते?”

“मॅडम, तो माझा विषय नाही,” कारकून म्हणाला, कारण पहिलं उत्तर नेहमी हेच द्यायचं असतं. मग त्याने पडद्यावर पाहिलं. पुन्हा पाहिलं. “प्रतीक्षा यादीत पहिली आहे तिला. अहो, पत्ता तोच की. दुकानाच्या वर.”

बाईंनी साहेबांना फोन लावला. चष्मे, टेबल, डबा, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते.

“बाई, तुमचं पटतंय मला,” ते म्हणाले. “पण उद्या कुणी कोर्टात गेलं तर मी काय चष्मे मांडून दाखवू? घरप्रमुखाची सही आणा. सही असेल तर आहे, नसेल तर नाही.”

दुपार उलटून गेली होती. बाई मुलीला घेऊन पुन्हा त्या गल्लीत गेल्या.

चौघंही दुकानात जमली. मावशीने भाचीला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. ती जिन्याचा कठडा धरून उभी राहिली.

“मला सही हवी आहे,” बाई म्हणाल्या. “पण आधी मला काय दिसलं ते सांगते. चुकलं तर सांगा. ही मुलगी इथेच वाढली. टेबलाला दोन्ही कडांना कोपरांच्या खुणा आहेत. भिंतीत पाठ घालून कुणी अभ्यास करत नाही. टेबल खोलीच्या मधे होतं, दोघी समोरासमोर बसायच्या, दिवा मधे.”

“जुनं आहे म्हटलं ना मी,” मावशी पुटपुटली.

“बरं. मग एकुलत्या एक मुलीला तुम्ही धाकटी का म्हणता?”

मावशीने झटकन धाकटीकडे पाहिलं.

“घरात थोरली असल्याशिवाय धाकटी कशी होईल? तुम्ही पलंग हलवला, कपडे हलवले. हाक हलवायची राहिली.”

“आणि डब्यातले चष्मे माझे आहेत,” मुलगी हळूच म्हणाली. तिचं लक्ष काउंटरवरच्या उघड्या डब्याकडे होतं. “गुलाबी माझा सहावीतला. काका, तुम्ही तो ठेवलात?”

चष्मेवाल्यांनी डब्यावर झाकण ठेवलं.

“सगळ्यांची उजवी काडी उचललेली आहे,” बाई म्हणाल्या. “राहता राहिला फोन. तो ह्याच दुकानातून आला. मागे हे यंत्र होतं.”

“बाई, मी नाही केला,” मावशी एकदम म्हणाली. “सकाळी तुम्ही तक्रारीचं विचारायला आलात, मी धाकटीचा चेहरा बघितला. मला वाटलं, हिनेच केला. खोटी तक्रार म्हणून हिचंच नाव यादीतून गेलं असतं. म्हणून बोलले मी तसं.”

धाकटी आईकडे बघत राहिली. “मला वाटलं, तू केलास. महिन्यापूर्वी तायडीचा पलंग तूच माळ्यावर टाकायला लावलास.”

“मी नाही गं. ह्यांनी सांगितलं, खोलीला रंग द्यायचा आहे म्हणून.”

मग सगळे एकाच माणसाकडे बघू लागले.

“काच चाकाला लागली की करकरते,” बाई म्हणाल्या. “फोनवर करकर नव्हती, नुसती घरघर होती. म्हणजे चाक रिकामं फिरत होतं. चाक फिरायला बटणावर पाय लागतो. काम चालू असताना दुसऱ्या कुणी फोन केला असता, तर मला काच ऐकू आली असती. रिकामं यंत्र चालवायची गरज एकाच माणसाला होती. घरघर चालू आहे तोवर वरच्यांना वाटतं, हे कुणाशी बोलत नाहीत. बरोबर?”

चष्मेवाल्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

“मी केला,” ते म्हणाले. “हिला एक जागा कमी पडली. एकच. त्या एका जागेवर कोण, तर आमचीच. मनाला म्हटलं, थोरली हुशार आहे, बाहेरच्यांच्या यादीतसुद्धा निघेल.”

“निघणार नाही,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं.”

बाईंनी कागद काउंटरवर ठेवला, शेजारी पेन. “अजून तासभर आहे. ती इथे राहते एवढंच लिहायचं. फोनचं मी कुठेही लिहीत नाही.”

चष्मेवाल्यांनी पेन उचललं. हात कागदावर तसाच राहिला.

“बाबा, सही करा,” धाकटी म्हणाली.

“केली तर तुझं नाव खाली राहील. पुढच्या वर्षीचा क्लास मला झेपणार नाही.”

ते तिच्याकडे बघत होते. मावशी तिच्याकडे बघत होती. तायडीही तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हे बाईंना सगळ्यात जास्त लागलं. धाकटीने एकदा तोंड उघडलं. मग तिने खाली पाहिलं आणि पायाच्या अंगठ्याने फरशीची फट घासत राहिली. ती दुसऱ्यांदा काही बोलली नाही.

चष्मेवाल्यांनी पेन खाली ठेवलं.

बाईंना खूप बोलावंसं वाटत होतं. पण जबरदस्तीने घेतलेली सही चालत नाही आणि खरं काय ते नुसतं कळून भागत नाही. त्यांनी कोरा कागद पिशवीत घातला. काय लिहायचं ते ठरलेलंच होतं: घरप्रमुखांनी दुजोरा दिला नाही.

मुलीने पिशवी खांद्याला लावायला मान वाकवली, तसा तिचा चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आला. प्रवासात काडी सैल झाली असावी. चष्मेवाल्यांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी चष्मा काढून घेतला, स्क्रू आवळला, उजवी काडी दोन बोटांत धरून हलकेच वर वाकवली. तिच्या कानाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चष्मा तिच्या डोळ्यांवर ठेवला तो अगदी सरळ बसला.

“थँक्यू, काका,” ती म्हणाली. सवयीने म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

बाई तिला बाहेर घेऊन आल्या. शेवटची बस किती वाजता, असं काहीतरी विचारलं. मुलीने सांगितलं. मागे दुकानात यंत्र सुरू झालं. नुसतीच घरघर, करकर नाही. मुलगी थांबली. चाक रिकामंच फिरतंय, हे तिनेही ओळखलं. पण दोघींपैकी कुणी मागे वळलं नाही, आणि गल्ली संपेपर्यंत तो आवाज त्यांना ऐकू येत राहिला.